आवाज जरा कमी कर

१

त्या वर्षी हस्त नक्षत्र लागलं तेव्हा सांगलीत छत्र्यांपेक्षा तोंडाला बांधलेले रुमाल जास्त दिसत होते. सुरतेकडच्या प्लेगच्या बातम्या रोज पेपरात येत होत्या. इकडे कुणाला काही झालेलं नव्हतं, पण बाजारात एखादा खोकला की भोवतालची माणसं बाजूला सरकायची. विश्रामबागेतल्या उमाच्या कॉलनीने फाटकाशी उभ्याउभ्याच बैठक घेतली आणि ठरवून टाकलं, यंदा हादगा नाही.

हादगा पोरींचा. पाटावर हत्ती काढायचा, त्याच्याभोवती हात धरून फेर धरायचा, गाणी म्हणायची आणि शेवटी झाकलेल्या डब्यात खाऊ काय आहे ते ओळखायचं. तीच खिरापत. उमा शाळेत गणित शिकवायची आणि कॉलनीतला हादगा दर वर्षी तीच चालवायची. तिची अपूर्वा दुसरीत होती. यंदा मोठ्या मुलींच्या फेरात घेणार असं तिला कबूल केलेलं होतं. ती दुपारभर उशीत तोंड खुपसून रडली.

"रडू दे," सासरे विष्णुपंत म्हणाले. "थकली की झोपेल."

उमाला काही ते बघवेना. ती गच्चीवर कपडे काढायला गेली. खाली केबलवर दुपारचा सिनेमा चालू होता. या घरातून, त्या घरातून, समोरच्या गल्लीतून, एकच गाणं एकाच वेळी ऐकू येत होतं. उमा हातात वाळलेले कपडे धरून ऐकत राहिली. सगळी माणसं एकाच वेळी एकच गोष्ट बघतायत, तिच्या मनात आलं. फक्त एका जागी नाहीत, एवढंच.

संध्याकाळी ती केबलवाल्या तानाजीकडे गेली. तानाजी जतकडचा. घरची मेंढरं भावाकडे ठेवून तो सांगलीत आला होता, आधी लग्नाच्या शूटिंगची कामं करायचा, मग केबल टाकली. कुपवाडच्या रस्त्याला हळदीचं गोदाम होतं, त्याच्या माडीवरची एक खोली म्हणजे त्याचं ऑफिस.

"आवं ताई, क्यामेरा हाय, फोन बी हाय," तो डोकं खाजवत म्हणाला. "पर हादगा टीवीवर? पोरी फेर कुठं धरणार?"

"आपापल्या घरी. मी इथून गाणं म्हणेन, त्या तिथे म्हणतील."

"आन् फोन कशाला?"

"खिरापत ओळखायला."

तानाजी हसला. "लय डोकं चालवलंसा."

उमाने खरोखरच डोकं चालवलं होतं. दुसऱ्याचं गाणं बघत पोरं बसत नाहीत, त्यांना हाताला काम लागतं, हे ती वर्गात शिकली होती. म्हणून प्रत्येक घरी आपला पाट, आपला हत्ती. एकटी मुलगी असेल तर तिने आईचा नाहीतर आजीचा हात धरायचा, कुणीच नसेल तर खुर्चीभोवती फिरायचं. गाण्याची एक ओळ म्हणून उमा थांबणार, म्हणजे घरोघरी ती ओळ म्हणायला वेळ मिळेल. दोन गाण्यांच्या मध्ये फोन. जी मुलगी खिरापत ओळखेल, तिचं नाव उमाच्या मागे फळ्यावर काढलेल्या हत्तीखाली लिहायचं. डबा शेजारची विजयमाला देणार होती. ती उमाची मैत्रीण, आणि तिच्या हाताला चव होती.

२

खोलीच्या खिडक्यांना तानाजीने चादरी ठोकल्या. पंख्याची घरघर माईकमध्ये येते म्हणून पंखा बंद. लग्नातला मोठा दिवा लावला की खोली भट्टीसारखी तापायची आणि खालच्या हळदीचा वास लाकडी फटींतून वर यायचा. फोनच्या रिसीव्हरला दुसरा माईक चिकटपट्टीने बांधला होता. खोलीत टीव्ही मात्र नव्हता. टीव्ही ठेवला की माईक शिट्टी मारायचा. त्यामुळे बाहेर घरोघरी काय दिसतंय, हे आतल्या दोघांना कधीच दिसायचं नाही.

पहिल्याच संध्याकाळी फोन थांबेना. लाडू! वडी! काकू, चिवडा ना? ज्यांच्याकडे फोन नव्हता त्या पोरी शेजाऱ्यांच्या दारात रांगा लावून उभ्या होत्या. शिट्टीचा त्रास तेवढा होई. फोन करणाऱ्या घरातला टीव्ही उमाचाच आवाज परत फोनमध्ये पाठवायचा आणि कानठळ्या बसायच्या. म्हणून प्रत्येकीला उमाचं पहिलं वाक्य ठरलेलं.

"टीव्हीचा आवाज जरा कमी कर हं बाळा."

घरी परतताना तिला गल्लीतल्या बायका खिडकीतूनच हात करत होत्या. अपूर्वा उड्या मारत होती. टीव्हीतल्या आईबरोबर ती आजोबांचा हात धरून नाचली होती. उमाला त्या रात्री फार दिवसांनी शांत झोप लागली.

चार-पाच दिवस असे आनंदात गेले, आणि मग त्या मुलीचा फोन आला.

"हॅलो," ती म्हणाली. आवाज सात-आठ वर्षांच्या मुलीचा, पण घाई नसलेला. तिच्यामागे टीव्ही चालू होता. उमा नेहमीचं वाक्य म्हणणार, तोच ते तिला रिसीव्हरमधून ऐकू आलं.

"टीव्हीचा आवाज जरा कमी कर हं बाळा."

आवाज उमाचाच होता. उमाने अजून तोंड उघडलेलं नव्हतं.

तिने क्षणभर तानाजीकडे बघितलं. तो कॅमेऱ्याला डोळा लावून उभा होता. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि तिथे बोलायचं वाक्य एकच होतं. उमा ते बोलली.

"करंज्या," मुलगी म्हणाली.

डब्यात करंज्या होत्या.

"शाब्बास! नाव सांग, हत्तीखाली लिहू आपण."

"लिहिलंय की तुम्ही," मुलगी म्हणाली आणि फोन ठेवला.

उमाने वळून फळ्याकडे पाहिलं. हत्तीच्या पायाखाली आधीच्या दिवसांची चार नावं होती. त्यापुढची जागा मोकळी होती.

३

"प्रतिध्वनी असेल," दुसऱ्या दिवशी उमा म्हणाली. "फोनच्या ऑफिसात काहीतरी गडबड."

"प्रतिध्वनी मागनं येतोय ताई," तानाजी वायर गुंडाळत म्हणाला. "तुमी बोलल्यावर. म्होरनं कसा ईल?"

"मग मला भास झाला."

"तसं बी आसंल. हितं उकाडा काय कमी हाय?"

उमाने ते मान्य केलं. उकाडा, उपाशीपोटी गाणं, दिव्याचा झोत. पण मुलगी रोज फोन करू लागली आणि रोज बरोबर ओळखू लागली. तिच्या मागच्या टीव्हीत उमा रोज थोडी पुढे असायची. आधी एका वाक्याने, मग एका कडव्याने. एकदा तर उमा अजून म्हणायच्या गाण्याचा शेवट तिथे ऐकू आला, आणि त्यात दम लागून उमा खोकली तेही. मग गाणं म्हणताना उमाने खोकला येऊ नये म्हणून मुद्दाम आधी पाणी प्यायलं. तरीही त्याच ओळीवर तिला खोकला आला.

गणिताच्या बाईने मग एक परीक्षा घ्यायची ठरवली. तिने विजयमालेकडून दोन डबे मागून घेतले. एकात खोबऱ्याची वडी, दुसऱ्यात चिवडा. दोन्ही टेबलाखाली ठेवले. कोणता वर घ्यायचा ते तिने स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

"खोबऱ्याची वडी," मुलगी फोनवर म्हणाली.

उमाचा हात वडीच्याच डब्यावर होता. तिने तो डबा सोडला आणि दुसरा उचलून टेबलावर ठेवला. कॅमेऱ्यासमोर झाकण काढलं. "चुकलीस बाळा! चिवडा आहे, चिवडा!" तिला इतकं हलकं वाटलं की ती खळखळून हसली.



"नाही काकू," मुलगी समजूत घातल्यासारखं म्हणाली. "वडीच आहे."

तानाजीने आणि तिने तिथेच बसून चिवडा खाल्ला. उरलेला पुडीत बांधून तानाजीने खिशात टाकला. उमा कॉलनीत आली तेव्हा विजयमाला दारात उभी होती.

"वडी बरी दिसत होती गं टीव्हीत," ती म्हणाली. "मला वाटलं, रंग जास्त झाला की काय."

"वडी?"

"मग! झाकण काढून कॅमेऱ्यासमोर धरलीस की. दोन डबे नेलेस आणि उघडलास एकच."

उमाने पिशवीतून वडीचा डबा काढला. त्याच्या झाकणावर विजयमालेने बांधलेला दोरा तसाच होता, गाठीसकट. विजयमाला दोऱ्याकडे बघत राहिली. मग ती एकदम म्हणाली, "मी आत-बाहेर करत होते गं. नीट बघितलंच नाही," आणि घरात गेली.

४

तेव्हाच बंद करायला हवं होतं. उमा नंतर तेच म्हणायची. पण हादग्याचे थोडेच दिवस उरले होते. मिरजेहून, माधवनगरहून पोरींचे निरोप येत होते. भाजीवाली ओळखू लागली होती. आणि उमाचं मन दर सकाळी नव्याने पटवून द्यायचं: विजयमालेने नीट पाहिलं नाही, ती स्वतःच कबूल झाली. मुलगी कुणीतरी चलाख आहे. टेलिफोनच्या वायरीत काय काय होत असेल, आपल्याला काय कळतंय.

शेवटच्या दिवशी अपूर्वाला गोदामावर न्यायचं आणि कॅमेऱ्यासमोर फेर धरू द्यायचा, असं उमाने मनात ठरवलं होतं. अजून तिने ते अपूर्वालाही सांगितलं नव्हतं.

आदल्या दिवशी मुलीने खिरापत ओळखलीच नाही.

"उद्या अपूर्वा येणार ना काकू?" तिने विचारलं.

उमाने रिसीव्हर कानाशी दाबला. मुलीच्या मागच्या टीव्हीत गाणं चालू होतं. म्हणणारी उमा नव्हती. अपूर्वा म्हणत होती, तिच्या नेहमीच्या पद्धतीने, 'ळ' चा 'ल' करत. आणि तिच्याबरोबर आणखी एक आवाज होता, सुरात, घाई नसलेला. तोच आवाज आत्ता रिसीव्हरमध्ये उमाच्या उत्तराची वाट बघत होता.

उमाने फोन आपटला. "लाइन कट झाली," ती कॅमेऱ्याकडे बघून हसत म्हणाली.

त्या रात्री नवरा कुपवाडच्या कारखान्यात पाळीवर होता. उमाने सासऱ्यांना सांगितलं, "उद्या काहीही झालं तरी अपूर्वाला घराबाहेर सोडायचं नाही."

"तिला सर्दीबिर्दी आहे का?" विष्णुपंतांनी विचारलं.

"नाही. पण सोडायचं नाही. तुमच्या डोळ्यांसमोर ठेवा."

विष्णुपंतांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "बरं," ते म्हणाले.

५

शेवटच्या दिवशी उमा एकटीच गेली. डब्यात काय आहे ते तिने विजयमालेला विचारलं नव्हतं. दिवा लागला, तानाजीने बोट वर केलं, आणि उमाने पहिलं गाणं सुरू केलं. गाणं संपेपर्यंत फोन वाजला नाही. इतर दिवशी तो मध्येच वाजायचा. दुसरं गाणंही झालं. चादरींच्या आड बाहेर पाऊस सुरू झाल्याचा आवाज आला. मग एकदाच घंटी झाली.

"अपूर्वा किती छान फेर धरते," मुलगी म्हणाली.

"अपूर्वा इथे नाही," उमा म्हणाली. माईक चालू आहे, सगळी सांगली ऐकते आहे, याचं तिला भान उरलं नव्हतं. "ती घरी आहे. तू कोण आहेस? कुठून बोलतेस?"

"आहे की."

 मग उमाला ऐकू यावं म्हणून तिने रिसीव्हर टीव्हीजवळ धरला असावा. आधी पावलांचा आवाज आला, लाकडी जमिनीवर, गोल गोल. उमाने खाली पाहिलं. याच माडीच्या फळ्या अशा वाजायच्या. मग गाणं थांबलं. डब्याचं झाकण काढल्याचा आवाज आला. आणि मग उमाला स्वतःचा आवाज ऐकू आला, पण त्या आवाजात ती आयुष्यात कधी बोलली नव्हती.

"अपूर्वा," तो आवाज म्हणत होता. "अपूर्वा, इकडे बघ. माझ्याकडे बघ गं. अपूर्वा."

उमाने फोनची वायर भिंतीतून उपटली. "बंद कर!" ती ओरडली. "तानाजी, सगळं बंद कर!"

तानाजी घाबरून केबलच्या मशीनकडे धावला. त्याने एकामागून एक बटणं बंद केली, मग मुख्य स्विचच खाली ओढला. दिवा विझला. अंधारात हळदीचा वास दाटून आला. टेबलावरचा डबा उमाने उघडलाच नव्हता. उमा चपला न घालता जिना उतरली.

घर फार लांब नव्हतं. ती पावसात पळत सुटली. कॉलनीच्या पहिल्या गल्लीत वळल्यावर तिच्या लक्षात आलं की एकाही घरातून गाणं ऐकू येत नाही, पण टीव्हीचा निळा उजेड प्रत्येक खिडकीत हलतो आहे. कोपऱ्यावरच्या घराची खिडकी उघडी होती. आत माणसं बसलेली नव्हती, सगळी उभी होती. एका बाईने आपल्या मुलीचे डोळे हाताने झाकले होते. त्यांच्या खांद्यांमधून उमाला पडदा दिसला.

फळा होता. हत्ती होता. टेबलाशी कुणीतरी बाई पाठमोरी वाकली होती, उमाच्या साडीत. तिच्या पलीकडे अपूर्वाच्या पिवळ्या फ्रॉकची कड दिसत होती, आणि त्या फ्रॉकला घट्ट धरलेला एक लहान हात. तो हात अपूर्वाचा नव्हता.

ती बाई मागे वळू लागली. उमा थांबली नाही.

६

घराचं दार उघडंच होतं. विष्णुपंत टीव्हीपाशी उभे होते, हात बटणावर, पडदा काळा. अपूर्वा पाटासमोर बसली होती. पिवळा फ्रॉक, कोरडा. उमाने तिला उचलून छातीशी धरलं आणि तिचे हात, पाय, तोंड चाचपलं. सगळं ठीक होतं.

"ही इथंच होती ना?" तिने विचारलं.

"इथंच होती." विष्णुपंतांचा आवाज कोरडा होता. "मी सारखा हिच्याकडेच बघत होतो उमा. हिच्याकडे बघत होतो आणि तिकडेही बघत होतो."

"काय दिसलं?"

त्यांनी बटणावरचा हात काढला नाही.

"मामंजी, डब्यात काय होतं?"

"मला विचारू नकोस," ते म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी सुनेसमोर हात जोडले.

अपूर्वा आईच्या खांद्यावर मान टाकून होती. ती कानाशी हळूच म्हणाली, "आई, मी फेरात एकदाही चुकले नाही ना?"

सकाळी तानाजी आला तो दारातच उभा राहिला.

"ताई, मी बटण बंद केलंतं," तो म्हणाला. "तुमच्या म्होरं. तुमी बघितलंसा. मग लोकं म्हंत्यात त्ये कुठनं आलं? तासभर चाललं म्हंत्यात."

"काय चाललं? कुणी काही सांगितलं तुला?"

"न्हाई. कुणीच सांगंना झालंय. ज्यो त्यो वायर काढून न्ये म्हंतोय." तो पायरीवर बसला आणि टोपी हातात घेऊन रडला. पुढे त्याने ती खोली सोडली, आणि काही महिन्यांनी धंदाही दुसऱ्याला देऊन तो भावाकडे परत गेला.

नवऱ्याने तो कार्यक्रम पाहिला नव्हता. तो बिचारा उमाला समजावत राहिला की कुणीतरी दुसरी टेप लावून खोडसाळपणा केला असणार. विष्णुपंतांनी तो टीव्ही विकू दिला नाही आणि कधी लावूही दिला नाही. विजयमालेला उमाने कितीदा तरी विचारलं. एकदा स्वयंपाकघरात तिचा हात धरून विचारलं. विजयमाला म्हणाली, "मी त्या दिवशी बघतच नव्हते," आणि हात सोडवून घेताना तिचे डोळे भरून आले.

कॉलनीत कुणी वाईट वागलं असं मात्र उमा म्हणणार नाही. उलट सगळे अपूर्वाशी जास्तच गोड बोलायचे. खाऊ द्यायचे, पण ताटली ओट्यावर ठेवून मागे सरायचे.

पुढच्या वर्षी आजाराचं नाव कुणी काढत नव्हतं. हादगा पुन्हा अंगणात भरला, जुन्या पद्धतीने. उमाला बोलावणं नव्हतं, पण अपूर्वाने हट्ट धरला म्हणून ती तिला घेऊन गेली आणि कठड्याशी उभी राहिली. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. कुणी नाही म्हटलं नाही. मुलींनी फेर धरला आणि अपूर्वाला त्यात घेतलं. तिचा उजवा हात शेजारच्या मुलीने बोटांच्या टोकांनी धरला होता.

डाव्या बाजूला एका मुलीएवढी जागा मोकळी होती. उमाला आधी वाटलं, मुली तिला टाळतायत. मग तिने नीट पाहिलं. त्या मोकळ्या जागेपलीकडची मुलगीही आपला हात तसाच बाजूला लांब करून, मान दुसरीकडे वळवून, ओठ घट्ट मिटून फिरत होती. अपूर्वाच्या डाव्या हाताची बोटं कशावर तरी सैलसर मिटलेली होती.

फेर फिरत उमासमोर आला. अपूर्वाने आईकडे पाहून मान डोलावली आणि मोठ्याने गाऊ लागली. ती मोकळी जागा तिच्या पावलाला पाऊल देत फिरत होती.